हामरारची हाक

हामरार, ४ जुलै

चि. आल्दिस हिस,
अ. आ. त्यातले निम्मे राग जाईपर्यंत राखून ठेवले आहेत.

तुझं नवं गाणं रेडिओवर दिवसातून चारदा लागतं. तुझी यंत्रं दणदणतात आणि मध्येच मी मेंढ्यांना बोलावते, किब्बा किब्बा. नाताळात मी मेंढवाड्यात गवत टाकत होते, तेव्हा तू फोन धरून उभी होतीस. मला वाटलं, उजेड दाखवते आहेस.

काल शेजारच्या आउस्मुंदरने ट्रॅक्टरवर ते गाणं लावलं, तर बाटलीच्या दुधावर वाढवलेली माझी तीन कोकरं तार ओलांडून त्याच्या बटाट्यांत शिरली. म्हणाला, भाचीला सांग, गाणं छान आहे, पण बटाटे न खाणाऱ्या श्रोत्यांसाठी गा. पोहायला गेले, तर गरम पाण्याच्या हौदात बसलेल्या बायका मला बघून बें बें करतात. माझा आवाज त्यातून काढून टाक.

लोभ आहेच. वाढेल की नाही, ते तुझ्या हातात.
स्वावामावशी

रेक्याविक, ११ जुलै

ती. स्वावामावशीस,
सा. न., कान धरून.

विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. चूक एवढीच, आणि एवढी मोठी.

तुझ्या जागी माझी हाक घालून पाहिली. माझी यंत्रं सांभाळणारा स्तेइनार म्हणाला, ही बाई मेंढ्यांना बोलवत नाही, हॉटेलात कॉफी मागवते आहे. नोव्हेंबरच्या महोत्सवात मला पहिल्यांदा मोठा मंच मिळालाय, तो या एका गाण्यामुळे. आधीची सात गाणी तू, मी आणि स्तेइनारची आई, एवढ्यांनीच ऐकली. तू म्हणशील तर गाणं मागे घेईन. मग मंचही जाईल. त्याआधी तुझा रुसवा काढायला काय करू, ते कळव.

लोभ निदान आटू देऊ नकोस.
आल्दिस

हामरार, २ ऑगस्ट

चि. आल्दिस हिस,
अ. आ., मागच्या वेळेइतकेच.

तीन वर्षं मेंढ्या डोंगरावरून उतरल्या आणि तीनही वर्षं तुला नेमकं काम निघालं. या सप्टेंबरात ये. सगळ्या गावाच्या मेंढ्या गोल कुंपणात आल्या की त्याच्या भिंतीवर चढ आणि स्वतः हाक मार. माझी एक जरी मेंढी तुझ्याकडे वळली, तर माझा आवाज तुझा. नाहीतर मला परत. येताना लोकरीचा स्वेटर घाल. तुझ्या त्या चंदेरी जाकिटाला माझा घोडा बुजतो.

वाट पाहणारी,
स्वावामावशी

हामरार, १८ सप्टेंबर

चि. आल्दिस हिस,
अ. आ., या वेळी पूर्ण.

स्वेटरखाली चौकोनी पोट घेऊन आलीस, तेव्हाच कळलं होतं की आत स्पीकर आहे. मलाही गंमत बघायची होती, म्हणून गप्प बसले. तू नुसते ओठ हलवलेस, हाक माझी वाजली आणि नऊशे मेंढ्या तुझ्याकडे धावल्या. माझ्या, आउस्मुंदरच्या, सगळ्यांच्या. फळ्यांची दारं मोडली आणि चार तास खपून घरोघरच्या वेगळ्या केलेल्या मेंढ्या पुन्हा एक झाल्या. आउस्मुंदर म्हणतो, एका गाण्यासाठी दोनदा घाम गाळायची ही त्याची पहिलीच वेळ.

पण मग तू कुणी न सांगता खाली उडी मारलीस. संध्याकाळपर्यंत शिंगं धरून ओढत राहिलीस, कानांवरच्या मालकीच्या खुणा ओळखताना एकदाही चुकली नाहीस. रात्री सुपाच्या वाडग्यावरच झोपलीस.

पैज तू हरलीस, तीही लबाडी करून. आता माझी लबाडी ऐक. राग न विचारल्याचा नव्हता. गाण्यात तीन मिनिटं आपण दोघी सोबत असायचो, मग बातम्या लागायच्या आणि स्वयंपाकघर आधीपेक्षा रिकामं वाटायचं.

आवाज राहू दे. महोत्सवात मात्र तो यंत्रातून नको, मीच येते. मी नसताना आउस्मुंदर मेंढ्या बघणार होता, पण आता त्यालाही तिकीट हवंय. कुठे उभं राहायचं ते कळव. आणि मी हाक मारल्यावर माणसं पुढे धावली, तर तिथलं कुंपण टिकेल ना, तेवढं आधी हलवून बघ.

तुझ्यावर लोभ करून दमलेली,
स्वावामावशी