डॉरीनचं छप्पर

वेंडेल,
मीटलोफ ओव्हनमध्ये आहे, गरम करून घे.

गाडीमागे ओढायच्या जुन्या घरवजा ट्रेलरला बाईचं नाव द्यायची तुम्हा ट्रेलरवेड्यांत रीत आहे म्हणे. पण तुझ्या ट्रेलरसाठी तुला डॉरीनच का सुचली, हे मी आजवर विचारलं नाही. तिचा पत्रा आरशासारखा घासलास, मी स्वयंपाकघरासाठी शिवलेले पडदे तिला लावलेस. काल पाऊस आला तेव्हा टॉर्च घेऊन धावलास तेही तिच्याकडेच! इकडे आपल्या बेडरूमचं छप्पर मार्चपासून माझ्या उशीवर गळतंय.

तिचं छप्पर थेंबभर गळत नाही, असं तूच गावभर सांगतोस ना? मग आजपासून मी तिच्यात झोपणार. कडी आतून लावून घेईन. गळतीखालची बादली तुझ्या उशीपाशी सरकवलीय.

दार वाजवलंस तर आधी सांग, कुणासाठी आलास.

मार्लिस