कर्नाळ्याच्या वाटेवर पडले

रविवार, संध्याकाळचे सात

आज मी पडले! आणि काहीही मोडलं नाही!

कर्नाळ्याहून उतरताना सुक्या पानांवरून पाय सटकला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. तेच मनगट. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरून नुसता हात टेकला, तर काडीसारखं मोडलं होतं. "हाडं ठिसूळ झालीत," डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून गोळ्या, नाचणी, वजनं उचलणं आणि दर रविवारी जनीबाईबरोबर चालणं. ती सुकापूरची, आमच्या कोपऱ्यावर भाजी विकते, माझ्याहून मोठी. पहिल्याच दिवशी तिने मला सनकोट काढायला लावला. "ऊन काय खातंय तुमाला? आमी जल्म उनात काढला!"

आज मात्र तीच घाबरली. "ताई, पडल्या नि हसताय काय? मोडला नाय ना?"

मी मनगट फिरवून दाखवलं. पुन्हा फिरवलं. खरचटलंय, बस्स. माती मऊ होती म्हणून वाचले का? असेलही. पण थोडं श्रेय हाडांनाही द्यायला नको?

मुलाला सांगावं का? सांगितलं तर पुढच्या रविवारी घराबाहेर सोडणार नाही. नकोच.

आई माझ्याच वयात पडली, ती पलंगावरून उठलीच नाही. इतकी वर्षं तेच डोक्यात होतं. आज जनीबाईने हात पुढे केला, तर तो धरायच्या आधीच मी उभी होते.

आणि हे सगळं त्याच हाताने लिहितेय.