मैदानाच्या पंधरा फुटांविषयी माझे अखेरचे लेखी म्हणणे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण (वर्गात दुसरा), मोजणी खात्यात चौतीस वर्षे साखळीवाला, हल्ली निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, पुढच्या खोलीत, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी स्थिर आहे व स्मरणशक्ती शाबूत आहे. ती थोडी कमी असती तर हा कागद निम्म्यात आटोपला असता. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलाने दबाव आणून पाहिला. तो निष्फळ ठरला, एवढी नोंद पुरे.

वकिलांनी मसुदा वाचून सांगितले, "आजोबा, मृत्युपत्रात असलं काही लिहीत नाहीत." मी विचारले, "मग कुठे लिहितात?" त्यावर त्यांनी मसुदा मला परत दिला. सबब मी इथेच लिहितो.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व मागची मोरी, माझा मुलगा व माझी मुलगी यांना समसमान. मात्र मैदानाचा दावा निकाली निघेपर्यंत दर मंगळवारी सायंकाळी पुढची खोली मैदान बचाव समितीच्या बैठकीसाठी मोकळी ठेवावी. सूनबाईंनी चहा करण्याची गरज नाही. अकरा वर्षे त्यांनी तो केला, कपाळाला आठी घालून का होईना, पण साखर कधी कमी पडू दिली नाही. त्याबद्दल माझ्या पत्नीचे शिवणयंत्र सूनबाईंना द्यावे.

कलम २. बँकेतील शिल्लक मुलीस. मुलाने याबद्दल तक्रार करू नये. त्याला मी नोकरीला लावले तेव्हा कोणाकोणाच्या दारात उभा राहिलो, हे त्याला ठाऊक आहे.

कलम ३. लोखंडी शिडी माझ्या धाकट्या मेहुण्यास. मैदानाशेजारचा भूखंड घेणाऱ्या ठेकेदाराच्या संमतिपत्रावर परिसरातून पहिली सही याने केली. त्या दिवसापासून मी त्याला शिडी उसनी देणे बंद केले. आता त्याने ती कायमची न्यावी. माझ्या पश्चात तरी ती मागायला त्याने या दारात येऊ नये.

कलम ४. ओळंबा, झेंडीचे दोन बांबू व खुंट्यांची पिशवी शाळेस द्यावी. मुलांना हात लावू द्यावा. काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावणार असतील, तर देऊ नये.

कलम ५. मैदानाविषयी. ते माझ्या मालकीचे नाही, म्हणून मृत्युपत्रात त्याचा उल्लेख गैर आहे, असे वकिलांचे मत. माझा मुलगाही एकदा म्हणाला होता, "बाबा, तुम्हाला काय पडलंय? मैदान काय आपल्या बापाचं आहे?" मी म्हणालो, "तुझ्या बापाचं असतं तर तू कधीच विकलं असतंस." तेव्हापासून तो माझ्याशी जेवणापुरते बोलतो.

प्रकरण असे आहे. मैदान सार्वजनिक आहे, हे ठेकेदारही नाकारत नाही. परंतु कागदोपत्री मैदानाची लांबी आहे त्याहून पंधरा फूट कमी लिहिली गेली आहे. त्याचे म्हणणे असे, की सीमेचे दगड कोणीतरी सरकवले. रस्त्याकडील पंधरा फुटांची पट्टी मैदानाची नसून त्याच्या भूखंडाची आहे. त्या पट्टीतच फाटक आहे व मैदानात जाण्याची एकमेव वाट आहे. पट्टी गेली तर मैदान जागेवर राहील, पण चारही बाजूंनी बंद. पुढे तेही कोणाच्या घशात जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

याकरिता अकरा वर्षे आम्ही घरोघरी सह्या गोळा केल्या, अर्ज दिले, साहेबांच्या दालनाबाहेर बाकावर बसलो. खोदकामाचे यंत्र आले त्या दिवशी फाटकात आडवे बसलो. त्या वेळी आमच्या फलकावर 'सार्वजनीक' असे अशुद्ध लिहिलेले होते. यंत्र दहा पावलांवर घरघरत असताना मी रंगाऱ्याकडून ते दुरुस्त करून घेतले. तेव्हापासून समितीत मला 'वेलांटीनाना' म्हणतात. मी समितीचा अध्यक्ष आहे. माझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात.

कलम ६. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले.

ती पंधरा फुटांची चूक माझी आहे.

मैदानाची मोजणी झाली तेव्हा मी नोकरीत सहा वर्षांचा जुना होतो. मोजणीदार वहीत आकडे लिहीत आणि मी साखळी ओढत असे. शंभर कड्यांची, सहासष्ट फुटी लोखंडी साखळी. रोज ताणून ताणून तिच्या कड्या झिजतात व ती हळूहळू लांब होते. लांब झालेल्या साखळीने मोजले की जमीन कमी भरते. म्हणून कचेरीच्या आवारात बरोबर सहासष्ट फुटांच्या अंतरावर दोन दगड पुरलेले होते. दर महिन्याला साखळी त्या दगडांवर टाकून पाहायची, आणि ठीक असेल तर नोंदवहीत 'बरोबर' लिहून सही करायची. हे काम माझे.

साखळी वाढलेली निघाली तर बदलून मिळण्यासाठी अर्ज लिहावा लागे. अर्ज कारकुनाकडे जाई. तो माझा अर्ज चारचौघांत मोठ्याने वाचत असे. "ऐका हो, चौथी पास साहेब काय फर्मावतात!" असे म्हणे, आणि कचेरी हसे. 'बरोबर' हा शब्द मला सुबक लिहिता येई. त्याला कोणी हसत नसे. त्या वर्षी मी साखळी दगडांवर न टाकताच सात महिने 'बरोबर' लिहिले.

मैदानाची मोजणी झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी, का कोण जाणे, मी ती टाकून पाहिली. वीतभर, म्हणजे नऊ इंच, वाढलेली होती. मैदान वीस साखळ्या लांब. हिशेब मला तिथेच उभ्या उभ्या कळला. मोजणीदार आत खुर्चीत होते. दार उघडे होते. मी साखळी गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि पुढच्या कामाला गेलो.

पुढे पोलादी फिती आल्या व साखळ्या भंगारात निघाल्या. ही साखळी मी वजनावर विकत घेतली. पाहुणे म्हणतात, कामावर किती माया! ती दुसऱ्या कोणाच्या हाती लागून मोजली जाऊ नये, एवढ्यासाठीच मी ती घेतली.

गेल्या वर्षी ठेकेदाराच्या वकिलाने ती नोंदवही न्यायालयात हजर केली. साखळी बरोबर, म्हणून मोजणी बरोबर, म्हणून सीमेचे दगडच खोटे, असा त्यांचा युक्तिवाद. समितीची चिटणीस शिवणकाम करणारी बाई आहे. तिला सगळे ताई म्हणतात. तिने नोंदीची नक्कल माझ्यापुढे धरली.

"नाना, ही सही तुमचीच का हो?"

मी म्हणालो, "दिसते तरी माझ्यासारखी."

"म्हणजे यांनी बनवली! मला वाटलंच होतं. नाना साखळी न बघता सही करतील का कधी?"

मी काही बोललो नाही. ताईने शपथेवर लिहून दिले की ती सही माझी नव्हे. आता हस्ताक्षरतज्ज्ञ नेमला आहे. येत्या गुरुवारी सुनावणी आहे. सही माझीच ठरेल, कारण ती माझीच आहे. ताई खोटी ठरेल आणि तिच्याबरोबर अकरा वर्षांचा प्रत्येक अर्ज.

कलम ७. माझा बेत असा होता, की कलम सहा माझ्या मृत्यूनंतर वाचले जावे. मेलेल्या माणसाची उलटतपासणी होत नाही व त्याला कोणी तोंडावर हसत नाही. शनिवारी ताई बैठकीची वही न्यायला आली, तेव्हा मी हा मसुदा तिच्या हाती दिला. तिने उभ्यानेच वाचला.

"हे तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

मी हो म्हणालो.

"आणि तोवर मी काय करायचं, नाना? देवाकडे तुमच्या मरणाची घाई करायची?" मग म्हणाली, "त्या कारकुनाच्या हसण्याला भ्यालात, ते समजू शकते. तेव्हा तुम्ही पोरगे होतात. पण मी कधी हसले होते का हो तुम्हाला?"

पाणीही न घेता ती गेली. आज तिसरा दिवस. तिच्या मुलाकडून निरोप पाठवला, उत्तर नाही.

कलम ८. सबब कलम सहा हे मृत्यूनंतर अमलात येणारे समजू नये. त्याची स्वतंत्र प्रत करून मी आज सकाळी समितीच्या वकिलांकडे दिली आहे. गुरुवारी मी स्वतः न्यायालयात उभा राहीन. साखळी तेथे मोजून घ्यावी. खोट्या नोंदीबद्दल व मौनाबद्दल जी शिक्षा होईल ती मला व्हावी. ताईने माझ्यावर विश्वास ठेवला, याखेरीज तिचा अपराध नाही. वकील म्हणतात, "यानं दावा जिंकूच असं नाही, आजोबा. ते म्हणतील, अध्यक्ष काल एक बोलतो, आज एक." ते खरे आहे. तसे झाल्यास मैदान माझ्यामुळे दोनदा गेले, असे लोक म्हणतील. गुरुवारपूर्वी माझे काही बरेवाईट झाल्यास खालील दोन साक्षीदारांनी हा कागद न्यायालयात न्यावा.

कलम ९. समितीचे अध्यक्षपद मी आजपासून सोडले आहे. ते कोणाला द्यावे हे समितीने ठरवावे. माझी शिफारस विचारात घेऊ नये.

कलम १०. ताईस काय द्यावे, याचा मी दोन दिवस विचार केला. ती स्वीकारील असे या घरात काही नाही. तिने मला क्षमा करावी, अशी अट या कागदात घालण्याचा मोह झाला होता. तसे एक वाक्य लिहिलेही होते. ते खोडले आहे व खोडल्याजागी आद्याक्षर केले आहे. अटी देणाऱ्याने घालायच्या असतात. येथे मी मागणारा आहे.

येणेप्रमाणे लिहिले, स्वतः वाचले, साक्षीदारांस मोठ्याने वाचून दाखवले. वाचताना कोणी हसले नाही.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: (सही) निवृत्त शिक्षिका, समोरच्या घरातील. लिहून देणाऱ्याने आमच्यासमक्ष सही केली. मध्ये थांबून त्याने चष्मा पुसला. सही पूर्ण त्यानेच केली.

साक्षीदार २: (सही) सायकल दुरुस्तीचे दुकान, फाटकाजवळ.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १५ सप्टेंबर, सोमवार