होडीवर जागा नाही

शुक्रवार, संध्याकाळ. दिघी

माझा धाकटा भाऊ संदेश गोल्फ स्पर्धेच्या 'कट'मधून, म्हणजे पहिल्या दोन दिवसांनंतर मागे पडलेले खेळाडू गाळतात त्यातून, वाचला. शेवटच्या जागेवर का होईना. आता उरलेले दोन दिवस कसाही खेळो, बक्षिसाच्या रकमेत त्याचा वाटा नक्की. नाहीतर गोल्फ सोडून तो बाबांच्या होडीवर परतणार होता.

जाळं शिवता शिवता बाबांनी विचारलं, "अन् कटच्या भाईर ऱ्हायले त्यांना?"

"काहीच नाही. आज घरी."

"आमी तर उलट्या करत पडलेल्या खलाशालाबी वाटा देतो!"

निम्मे घरी गेले. त्यांच्या घरीही कुणी माझ्यासारखं फोनपाशी बसलं असेल. तरी मला हलकंच वाटतंय.

उठताना बाबा म्हणाले, "त्याला सांग, होडीवर जागा न्हाय आता."

होडीवर दोन खलाशी कमी आहेत.