नियमाबाहेरचं वजन

कार्तिक ४. सामागाव.
सात महिने वहीत एक ओळ नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. ऑफिसचं काम होतं. खरं सांगायचं तर तेही नव्हतं. पंधरा वर्षं काठमांडूत ट्रेकिंग कंपनीच्या खुर्चीत बसून मी इतरांना खिंडीपलीकडे पाठवतोय. आता स्वतः नेतोय: चार डच पाहुणे, सहा हमाल. ऑफिसात म्हणतात, न्यिमा आता टेबलाचा माणूस. लारक्या खिंड ओलांडली की तोंडं बंद.
सकाळी ओझी काट्यावर तोलली. नियम तीस किलोचा. हमालांचा नाईक बीरमान तामाङ, त्याचं पस्तीस भरलं. पाच काढ म्हटलं. म्हणाला, सोबत्याचा पाय मुरगळलाय, त्याचं घेतलंय. म्हटलं, नियम तुझ्याच भल्याचा आहे. सगळे हसले. ऑफिसला तक्रार लिहायला घेतली. कलम एक: नियमाबाहेर वजन उचलतो.
मी रागावलो का? नाही. आवाज चढला. फरक आहे.

कार्तिक ५. साम्दो.
डोकं ठणकतंय. बीरमानची विडी. कलम दोन.
पाहुण्यांच्या बोटांना यंत्र लावून ऑक्सिजन पाहिला. ठीक. बीरमान म्हणाला, सर, तुमचंही बोट द्या. म्हटलं, मी इथल्याच सामागावचा, उंची आमच्या रक्तात आहे. रक्त सामाचं असेल, म्हणाला, फुप्फुसं काठमांडूची झालीत. हा माणूस 'सर' म्हणतो तेव्हा शिवी देत असतो. कलम तीन: उद्धट.
संकल्प: उद्या सर्वांच्या पुढे चालायचं.

कार्तिक ६. धर्मशाळा, खिंडीच्या पायथ्याशी. दुपार.
सर्वांच्या मागून पोचलो. मुद्दाम. कोणी मागे राहू नये हे पाहणं माझंच काम.
दोनदा उलटी. डाळ कच्ची होती. कलम चार: स्वयंपाकी बीरमानचा मेहुणा. इतरांना ती डाळ कशी पचली, कळत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
बुटाची नाडी बांधायला बराच वेळ लागला. नाडी खराब.
बीरमानने काठीने मातीत रेघ ओढली, हिच्यावरून चालून दाखवा म्हणाला. चाललो. रेघ वाकडी होती. त्याने परत फिरायचं काढलं. मी नाही म्हटलं. पहाटे तीनला खिंडीकडे निघायचं.

कार्तिक ८. सामागाव.
कालची नोंद नाही. काल मी टोपलीत होतो. हे प्रामाणिकपणे लिहायला हवं.
पहाटे मी चुलीशेजारी बसलो, असं मला आठवतं. इतरांच्या मते पडलो. बीरमानने आपल्या टोपलीची एक बाजू कापली, आत घोंगडी घातली, मला बसवलं. मी म्हटलं, हे चालणार नाही, तुकडी माझी आहे. तो कपाळपट्टा सारखा करत होता. म्हणाला, "सर, तुम्ही एकाहत्तर किलो भरता. नियम तीसचा. सांगा, काय काढून ठेवू?"
कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.
तो आणि आणखी एक जण, आळीपाळीने. थांबलं की तो मला माझं नाव विचारायचा. मी बरोबर सांगत होतो. एकदा त्याचं सांगितलं.
वेशीवर गाव जमलं होतं, कोणता परदेशी आजारी पडला ते बघायला. मावशीने वाकून पाहिलं. "अगं बाई, हा तर आपलाच," म्हणाली. "टोपी ओढा त्याच्या तोंडावर."
आज उजाडताच बीरमान चहाही न घेता वर परतला. पाहुण्यांना आता तोच पलीकडे नेणार. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. बहुधा.
इथे विडी कोणी ओढत नाही. डोकं अजून दुखतंय.
उद्या: तक्रारीतलं कलम एक खोडणे.