ताईसमोरचं इंग्रजी

सोमवार, ३ मार्च

तोंडी परीक्षा सुरू. दोघांनी एकमेकांशी इंग्रजीत वाद घालायचा, आम्ही गुण द्यायचे. वाद! आमच्या खोन केनच्या थाई मुलांनी! सकाळपासून तेच ऐकतेय — 'तुझं बरोबर आहे', 'तुझंही बरोबर आहे'. मग दोघंही माझ्याकडे बघून हसतात. डोकं उठलं.

मंगळवार, ४ मार्च

आज खिमने घात केला! वर्गात इंग्रजीत विनोद करणारी पोरगी, आज तिच्या तोंडून धड वाक्य निघेना. समोर तुक्ता — वरच्या वर्गातली, या परीक्षेत नापास झाली म्हणून पुन्हा बसलेली. तिचं इंग्रजी दोन वाक्यांत संपतं. खिमचं त्याच्याही आधी संपलं! वीसपैकी सहा. मलेशियात, पेनांगच्या विद्यापीठात सहा महिने शिकायची जागा तिला मिळाल्यात जमा होती. त्याला बारा लागतात.

रागाने जेवलेच नाही.

बुधवार, ५ मार्च

खिमला बोलावून झापलं. आजारी होतीस? नाही. घाबरलीस? नाही. मग म्हणाली, "बाई, ती माझी नंबरताई आहे."

झालं! दोघींच्या हजेरी नंबराचे शेवटचे आकडे एकच, म्हणून इथल्या रीतीप्रमाणे पहिल्या दिवसापासून तुक्ता हिची ताई. जुनी पुस्तकं तिने दिली, तापात पेज तिने भरवली. आणि परीक्षा विभागातल्या शहाण्यांनी जोड्या लावल्या त्या याच आकड्यांवरून!

"तिच्यापुढे मी फाडफाड बोलले असते, तर तिनं तोंड कुठं लपवलं असतं?"

आणि तुझ्या पेनांगचं काय, म्हटलं. नुसती हसली. या हसण्याला काय करावं! नंबरताई मलाही आहे, मी इथे शिकत होते तेव्हापासूनची, आमच्या विभागप्रमुख ओरावानताई. म्हणून मी काय मुकी झाले?

गुरुवार, ६ मार्च

ओरावानताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, फेरपरीक्षा द्यायची की नाही हे उद्या मनिलाहून येणाऱ्या तपासनीसांच्या हातात आहे, बैठकीत तूच मांड. घरी आरशासमोर इंग्रजीत म्हणून पाहिलं. कुठेही अडले नाही. खिमला निरोप धाडला, काळजी करू नकोस.

शुक्रवार, ७ मार्च

तपासनीसांसमोर आधी ओरावानताई इंग्रजीत बोलल्या. अडखळत, कपाळ पुसत, मधेच गप्प होत. मग ते माझ्याकडे वळले.

मी ताईंहून वाईट बोलले. सगळं ठीक आहे, सर — एवढंच. खिमचं नाव निघालंच नाही.