ज्वालामुखीचं यंत्र आणि वरचा मजला

ती. वृंदामावशीस,

गॉलवेहून मुक्ताचा नमस्कार. लस घेतल्यापासून तुझा गुडघा दुखायचा थांबला हे वाचून बरं वाटलं. (दोन्हींचा संबंध नाही, पण गुडघ्याला ते सांगू नकोस.) मी ठीक, पाऊस चालू.

माझ्या ज्वालामुखीचं काय झालं, असं तू विचारलंस. तो पॅसिफिकमधल्या बेटावर आहे तिथंच आहे: राख आणि लाव्हाचे थर साचून झालेला उंच शंकू, माथ्यापर्यंत जंगल, त्यावर कायम ढग. त्याच्यावर आजवर तीनच शोधनिबंध आहेत. तिसरा आमच्या सरांचा असून पहिले दोन चुकीचे आहेत, असं त्यात सिद्ध केलंय. सगळे त्याला शांत म्हणतात, कारण तिथं कोणी कधी काही मोजलेलंच नाही. मी मोजणार होते. पण साथीमुळे विमानं बंद झाली, प्रयोगशाळेला कुलूप लागलं, आणि त्याच्या उतारावर पुरायचा भूकंपमापक चाचणीसाठी माझ्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी आला.

त्याला सगळं कळतं: कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा ट्रक, खालच्या घरमालकीणबाईंचा कुत्रा. (बाईंना यंत्राबद्दल सांगितलं तर 'ग्रँड' म्हणाल्या, म्हणजे इथलं 'ठीक आहे'. बॉम्ब आहे म्हटलं असतं तरी तेच म्हणाल्या असत्या.) पण रोज सकाळी एक लयबद्ध हादरा यायचा. सरांनी कळवलं, हा यंत्राचा दोष असेल तर यंत्र, आणि ओघानं मीही, मोहिमेतून गळणार. हादरा छताकडून येतोय असं वाटलं, म्हणून वरच्या मजल्यावर गेले. तिथं नागपूरचा यशोधन, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यातला इंजिनियर, दोरीच्या उड्या मारत होता. मी मास्क लावून, दोन मीटरवरून, आलेखासह तक्रार मांडली. त्यानं आलेख नीट पाहिला, डाव्या पायावर जोर जास्त पडतोय हे मान्य केलं आणि विचारलं, "आता थांबवू, की तुमची नोंद पुरी झाल्यावर?"

मी 'आता' म्हणाले. आलेख सरळ झाला, सर खूश झाले, यंत्र ऑगस्टमध्ये बेटावर निघतंय आणि मागोमाग मी. सकाळी स्वयंपाकघर जरा जास्तच शांत असायचं, एवढीच नोंद.

तुझी,
मुक्ता

ता. क. आईनं इकडच्याच, क्लोनडॉकिनच्या एका मुलाचं स्थळ पाठवलंय. तू तिची मोठी बहीण, तेव्हा नको म्हणून तूच सांग. कारण विचारलं तर ज्वालामुखी सांग.

ता. क. २: यंत्र परवा पेटीत बंद केलं. उड्या पुन्हा सुरू आहेत. तो चहाला खाली येतो तेव्हा जिन्यावर डावा पाय आधी ओळखू येतो. त्यासाठी यंत्र लागत नाही.

ता. क. ३: मुक्ता शांत मुलगी आहे, असं आई सगळ्यांना सांगते. तिनंही कधी मोजलेलं नाही. यशोधनच्या आईला तुझा नंबर दिलाय. रविवारी फोन येईल, उचल.